गावाचा लेख, सासऱ्यांचा लेख आणि एक जन्मतारीख

मागच्या अंकात मराठी विकिपीडियाविषयी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच: "आम्ही लिहिलं, कुणीतरी खोडलं." माझी नोकरी ग्रंथालयात कॅटलॉगची कार्डं लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर संध्याकाळचा वेळ विकिपीडियावर जातो. खोडणाऱ्यांमध्ये मीही आहे, तेव्हा उत्तरं थोडी त्यांच्या बाजूला झुकली तर समजून घ्या.

ताई, नमस्कार. आमच्या गावावर विकिपीडियात लेख नव्हता, म्हणून मी बसून लिहिला. ग्रामदैवताची कथा, यात्रा, लोकांचा स्वभाव, सरपंच-उपसरपंचांची नावं फोन नंबरांसह, सगळं घातलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर चार ओळी शिल्लक! लेख मी लिहिला, गाव माझं, मग हा खोडणारा कोण अधिकारी?
— निवृत्त ग्रामसेवक, ता. माण, जि. सातारा

भाऊसाहेब, अधिकारी कुणी नाही. तुमच्यासारखाच कुणीतरी, घरचं आवरून बसलेला. आधी लेखाच्या वर 'इतिहास पहा' आहे, ते दाबा. ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक तुम्ही वर्षानुवर्षं लिहिलंत, तसंच हे समजा: कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, काय बदललं, सगळं तारीखवार सापडतं. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून फरक बघता येतो. तुमचा मूळ मजकूर तिथे आहे, हरवलेला नाही. खोडणाऱ्याने 'बदलांचा आढावा' या रकान्यात कारण लिहिलं असेल. बहुधा "संदर्भ नाही" एवढंच. ही तुटक भाषा मलाही आवडत नाही. नव्या माणसाला दोन शब्द जास्त लिहायला काय जातं? पण कारण दिलंय का, ते तरी बघा.

आता मजकुराकडे. फोन नंबर गेले ते बरंच झालं, ते परत घालू नका. सरपंचांची नावं पाच वर्षांत बदलतात आणि लेख तसाच राहतो. दोन निवडणुकांपूर्वीचे सरपंच आजही 'विद्यमान' असलेले लेख मी कितीतरी पाहिलेत. "गावातील लोक कष्टाळू व प्रेमळ आहेत" हे वाक्य तर प्रत्येक गावाच्या लेखात असतं. आमच्या गावचे लोक आळशी आणि भांडखोर आहेत असं लिहिणारा अजून मला भेटलेला नाही, आणि म्हणूनच त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

ग्रामदैवताची कथा मात्र राहू शकते. ती इतिहास म्हणून न लिहिता आख्यायिका म्हणून लिहायची आणि ती कुठे छापली आहे ते दाखवायचं. सातारा जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर १८८५ चं आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १९ वा खंड. त्यात देवळं, यात्रा, आठवडे बाजार यांच्या नोंदी आहेत. तुमचं गाव त्यात सापडलं तर उत्तम, नाही तर शेजारचं मोठं गाव तरी सापडेल. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. घरं किती, माणसं किती, शिकलेली किती, क्षेत्र किती हेक्टर, शाळा-दवाखाना-पाणी आहे की नाही, हे सगळं तिथे मिळतं. ही माहिती कोरडी वाटेल, पण ती कुणी खोडणार नाही.

तुमच्यासारख्यांना सगळ्यात अवघड जातं ते पुढचं. १९७२ च्या दुष्काळात गावातली किती माणसं खडी फोडायला गेली, हे तुम्ही वडिलांच्या तोंडून ऐकलं असेल. ते खरंही असेल. पण नागपुरात बसून तुमचा लेख वाचणारी मुलगी ते कशावरून पडताळणार? विकिपीडियावर लिहिणाऱ्याचा शब्द पुरत नाही, मग तो ग्रामसेवक असो की कुलगुरू. अशा आठवणी आधी जिल्ह्याच्या एखाद्या दैनिकात किंवा नियतकालिकात लिहा. तुमच्या पिढीने ते लिहायलाच हवं. विकिपीडियात त्या नंतर येतील, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून.

हे झालं की लेखाच्या 'चर्चा' पानावर जा आणि खोडणाऱ्याला सरळ विचारा: "यात्रेचा परिच्छेद आपण काढलात. अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर त्याचा उल्लेख आहे. हा संदर्भ देऊन तीन ओळी परत घातल्या तर चालेल का?" शेवटी चार टिल्डा (~~~~) द्या, म्हणजे तुमचं नाव आणि वेळ आपोआप उमटते. उत्तर लगेच येईल असं नाही. आठवडाभर वाट बघा. उत्तर आलंच नाही, तर संदर्भासह ओळी घाला. आणि "लेख माझा" हे चर्चा पानावर मात्र लिहू नका. जतन करा म्हटल्यावर लेख तुमचा राहत नाही. कुणीही वापरावा, बदलावा अशा मुक्त परवान्याखाली तुम्ही तो सगळ्यांना देऊन टाकलेला असतो. बटणाशेजारीच ते लिहिलेलं आहे, आपण वाचत नाही.

माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. तीन कवितासंग्रह त्यांनी स्वखर्चाने छापले. त्यांच्यावर लेख केला तर वर 'काढून टाकावा' अशी पाटी लागली. घरात सगळे नाराज आहेत.
— एक सून, बार्शी

पाटी लावणाऱ्याचा तुमच्या सासऱ्यांवर राग नाही. तो एवढंच विचारतोय की घराबाहेरच्या, ओळखीबाहेरच्या कुणी त्यांच्याविषयी सविस्तर छापलंय का? परीक्षण, लेख, ग्रंथातला उल्लेख? स्वतः छापलेली पुस्तकं यात धरत नाहीत. सत्काराची बातमीसुद्धा फारशी उपयोगी पडत नाही. असं काही असेल तर चर्चा पानावर द्या आणि मी त्यांची सून आहे हेही तिथेच सांगून टाका. लिहिण्याचं काम दुसऱ्याला करू द्या. नसेल तर लेख जाईल, आणि जाऊ द्यावा. ते तीन संग्रह नीट स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवा. उद्या त्या भागातल्या कवितेवर काम करणाऱ्याला ते मिळाले, तर तो त्यांच्याविषयी लिहील. हे मी तुमची समजूत काढायला सांगत नाही. ग्रंथालयात असताना अशी पातळ, स्वखर्चाने काढलेली पुस्तकं शोधत पुण्या-मुंबईहून आलेले संशोधक मी पाहिलेत.

या कामाचे किती मिळतात? आणि सुरुवात कुठून करू?
— बी. ए.चा विद्यार्थी, नांदेड

काही मिळत नाही. विकिपीडियावर जाहिराती नाहीत. तो चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन देणग्यांवर चालते, आणि त्या देणग्यांतून लेख लिहिणाऱ्यांना मानधन दिलं जात नाही. कुणा कंपनीकडून पैसे घेऊन लिहिणाऱ्याला ते उघडपणे जाहीर करावं लागतं.

सुरुवात 'धूळपाटी' या सरावाच्या पानावर कर, तिथे काहीही गिरवलं तरी कुणी रागावत नाही. देवनागरी टंकायला अडचण असेल तर चौकटीत कंट्रोल आणि एम एकदम दाबून बघ, मराठी टंकलेखन तिथेच सुरू होतं. मग तुझ्या अभ्यासाच्या विषयातला आधीच असलेला एखादा लेख घे आणि त्यातल्या एकाच वाक्याला संदर्भ जोड. नवा लेख, तोही एखाद्या मोठ्या नेत्यावर, अशी सुरुवात करू नकोस. तिथे भांडणं फार आणि शिकायला कमी.

शिवनेरीच्या लेखात महाराजांची जन्मतारीख मी १९ फेब्रुवारी १६३० लिहिली. एकाने ती बदलून १६२७ केली. मी परत केली, त्याने परत केली. आता तिसराच कुणीतरी १ मार्च १६३० लिहून गेलाय. हे लोक मुद्दाम करतात का? यांना बंदी घालता येते का?
— मोडीचा अभ्यासक, जुन्नर

बंदीचं नंतर बघू. तुम्ही तिघंही कशाच्या तरी आधारावर लिहिताय, हे आधी लक्षात घ्या.

१६२७ वाला बखरींवर चाललाय. त्यांत शके १५४९ चा वैशाख येतो आणि कित्येक पिढ्या हीच तारीख मानत आल्या. तुमची तारीख शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. तिला जेधे शकावलीचा, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींचा, आधार आहे. लोकमान्य टिळकांनी ती उजेडात आणली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यातही हीच तिथी आहे. आज बहुतेक अभ्यासक ती मानतात आणि महाराष्ट्र शासनाची सुट्टीही १९ फेब्रुवारीलाच असते. १ मार्च लिहिणारा तर तुमच्याच बाजूचा आहे! १९ फेब्रुवारी ही ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगात तोच दिवस १ मार्च पडतो, कारण सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. त्याने हे गणित बरोबर केलंय, फक्त सांगितलं नाही.

असल्या ठिकाणी विकिपीडियाची रीत अशी की मुख्य मजकुरात अभ्यासकांनी सर्वाधिक मान्य केलेली तारीख, ती कुठल्या पंचांगाची आहे हे सांगून, तिथीसकट. त्यालाच लागून दुसरं मत: बखरींत हे वर्ष आहे, आणि अभ्यासकांनी ते का सोडलं. प्रत्येक वाक्याला आपापला संदर्भ. दोन्ही मतांना सारखीच जागा दिली पाहिजे असं नाही. ज्याचा पुरावा भक्कम त्याला जास्त जागा. 'सर्वांना समान न्याय' हा गैरसमज मराठी विकिपीडियावर फार पसरलाय, आणि त्यामुळे कुठलीही ऐकीव कथा अर्धं पान मागते.

लिहायच्या आधी चर्चा पानावर या. तिथे "आपण चुकीचे आहात" नको. आपापला पुरावा मांडा, पान क्रमांकासह. तुम्ही मोडीचे अभ्यासक आहात, तुम्हाला हे काही जड नाही. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर अवरोध, म्हणजे संपादनाची बंदी, होऊ शकते, मग तुमची बाजू बरोबर असो की चूक. मराठीत प्रचालक, म्हणजे पानं सुरक्षित करण्याचे अधिकार असलेले सदस्य, थोडे आहेत, ते बहुधा पान काही दिवस सुरक्षित करून ठेवतात. ते चुकीच्या तारखेवर सुरक्षित झालं तर तुम्हालाच दिवस मोजत बसावे लागतील. आपसात भांडत बसायचं नसेल, तर 'चावडी' या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर प्रश्न टाका. तिथे पंचांग जाणणारं कुणी ना कुणी येतं, आणि ते खरोखर बघण्यासारखं असतं.

चौकातल्या पुतळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, तो लेखात लावला तर काढला.
— डोंबिवली

तो फोटो कुणाचा, तुम्हाला माहीत नाही, म्हणून काढला. स्वतः जाऊन फोटो काढा आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या कोठारात, चढवा. सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा किंवा इमारत यांचे फोटो काढून वापरायला भारताच्या प्रताधिकार कायद्यात मुभा आहे. भिंतीवरच्या चित्रांना ती नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

केतकरांचा ज्ञानकोश आता सर्वांना खुला आहे ना? मग त्यातले लेख सरळ उतरवून काढले तर मराठी विकिपीडिया किती वाढेल!
— शिक्षिका, न्यू जर्सी

तुमचा उत्साह मला आवडला, सूचना नाही. श्री. व्यं. केतकर १९३७ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेलं केव्हाच खुलं झालं. पण १९२० च्या दशकात निघालेल्या त्या २३ खंडांमागे त्यांच्याबरोबर बरीच माणसं होती, आणि कुठला मजकूर कुणाचा हे सहसा कळत नाही. हा झाला कायद्याचा भाग. मला खटकतं ते वेगळं. त्यात संस्थानं आहेत, शंभर वर्षांपूर्वीची लोकसंख्या आहे, जातींविषयीची त्या काळची मतं आहेत. ते उतरवून काढलं की आजचा वाचक ते आजचं म्हणून वाचेल.

यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हा ज्ञानकोश महाजालावर आणलाय, तुम्हाला तो घरबसल्या वाचता येईल. कुठल्याही विषयाला तो पहिली पायरी म्हणून वापरा. त्याच्या शेजारी वाईच्या मराठी विश्वकोशातला त्याच विषयावरचा लेख ठेवा. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ ला आला, म्हणजे मधे अर्ध्या शतकाचं अंतर. त्याचाही मजकूर जसाच्या तसा उचलायचा नाही. दोन्हींत काय बदललं ते बघा, मग एखादं ताजं पुस्तक घ्या आणि आपल्या शब्दांत दहा ओळी लिहा. तिकडच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या वर्गाला हेच काम दिलंत तर तुमच्याकडून वर्षाला पाच-सहा चांगले लेख येतील. मुलांनी धूळपाटीवर लिहिलेलं आधी तुम्ही तपासा. मला माझ्या सदस्यचर्चा पानावर कळवलंत तर मीही बघेन, आणि खोडलंच तर कारण दोन ओळींत नक्की लिहीन.