शंका-समाधान: दोनशे साक्षीदार आणि एक चमचा

प्रश्न: 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला. आमच्या रामबागेत निदान दोनशे जणांनी चमचा रिकामा होताना पाहिलं. एवढ्या माणसांना खोटं ठरवायचं, तर ‘तो प्यायला नाही’ हे तुम्हीच सिद्ध करायला नको का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: त्या दोनशे जणांना खोटं ठरवायची गरजच नाही. चमचा रिकामा झाला, हे खरंच. वाद आहे तो दूध गेलं कुठे याचा, आणि ‘मूर्तीच्या पोटात’ असं म्हणणाऱ्याने ते दाखवायचं. ‘पुजाऱ्यांनी लबाडी केली’ म्हणणाऱ्यालाही हाच नियम. नुसतं नाक मुरडून भागत नाही.

आता साक्षीचं वजन. ते मोजायची रीत इंग्रज गणिती थॉमस बेज यांच्या निबंधातून निघाली. तो त्यांच्या मृत्यूनंतर, 1763मध्ये छापला गेला. विचारायचं एवढंच: चमत्कार खरा असता तर हे दिसण्याची शक्यता किती, आणि नसता तर किती? पहिलीला दुसरीने भागा. मग चमत्काराच्या बाजूचं आधीचं पारडं प्रत्येक साक्षीमागे त्या भागाकाराने गुणा. ‘हजारात एक’ शक्यता म्हणजे 1 विरुद्ध 999, त्यातला तो 1 गुणायचा. मूर्ती पीत असेल तर चमचा रिकामा होणारच. पीत नसेल तरी होणार, कारण काठोकाठ भरलेल्या चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे, म्हणजे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागत असल्यामुळे, काठावर फुगलेलं असतं. ते ओल्या दगडाला टेकलं की पातळ थर होऊन खाली ओघळतं. संगमरवरावर पांढरा ओघळ दिसणार कसा? म्हणजे भागाकार 1. आणि 1 ने दोनशे वेळा गुणलं तरी आकडा हलत नाही. तुम्ही आधी शक्यता हजारात एक धरली असेल, तर ती तिथेच राहते.

साक्षीला मोल नसतं असं मात्र नाही. एकेका साक्षीचा भागाकार 10 आला, तर तिघांच्या साक्षीने 1 विरुद्ध 999 चं 1000 विरुद्ध 999 होतं, म्हणजे तीच शक्यता जवळपास 50 टक्क्यांवर चढते. पण तिघंही एकाच रांगेत, एकमेकांचं ऐकत उभे असतील, तर ते तीन नव्हेत. फार तर दीड.

तेव्हा भागाकार बदलेल असा प्रयोग करा. पितळेची मूर्ती परातीत ठेवा, दुधात खायचा रंग घाला. 5 मिलिलिटरचे 10 चमचे पाजा, मूर्ती निथळू द्या आणि परातीतलं दूध मोजा. 50 मधले दोन-तीन कमी भरले, तर ते मूर्तीला चिकटलेलं. वीस कमी भरले, तर आम्हाला जरूर कळवा. शेजारी खलबत्त्यातला बत्ता उभा करून त्यालाही 10 चमचे पाजा. चमचा अर्धाच भरून सपाट धरलात, तर गणपती आणि बत्ता दोघंही पीत नाहीत. शाडूची मूर्ती मात्र घेऊ नका. ती खरोखरच दूध शोषते.