वायफायला पासवर्ड नव्हता, आणि आता पोलिसांची नोटीस आलीय

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका काकूंचं पत्र आलंय. वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची चार पोरं भाड्यानं ठेवलीत, घरात एकच फायबरचं कनेक्शन, पोरांना सारखा पासवर्ड कोण सांगत बसणार म्हणून दोन वर्षं वायफाय उघडाच. आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर आलीय, की कुणीतरी एका मुलीच्या नावानं खोटं इन्स्टाग्राम अकाउंट काढून लोकांकडून पैसे उकळले आणि ते अकाउंट १२ तारखेला ९.४० ला तुमच्या घरच्या आयपीवरून (म्हणजे नेट कनेक्शनच्या नंबरावरून) उघडलं गेलं. पुण्यातला मुलगा म्हणतोय, आई राउटर रिसेट मारून टाक, सगळं पुसलं जाईल. काकू विचारतायत, मारू का? आणि मला अटक होईल का?

काकू, पहिलं उत्तर नाही. राउटरला हात लावू नका आणि मुलालाही सांगा की हे असले सल्ले फोनवर देऊ नकोस. कुणीतरी केलेला गुन्हा तुमच्या घरातल्या नेटवरून झाला एवढंच आत्ता पोलिसांकडे आहे, पण नोटीस आल्यावर तुम्ही मुद्दाम पुरावा पुसला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ चा विषय निघतो, म्हणजे आत्तापर्यंत ज्या प्रकरणात तुम्ही फक्त घरमालकीण होता तिथं आपल्या हातानं आरोपी व्हायची सोय. शिवाय तुमच्याच बाजूचं जे काही त्या डबीत असेल तेही जातं.

घरचा वायफाय उघडा ठेवणं हा आपल्याकडं गुन्हा नाही, तसं कलमच नाही. हे काही नवीन प्रकरणही नाही, २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं जो धमकीचा मेल गेला त्याचा आयपी नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायचा निघाला होता, त्याची चौकशी झाली, बराच मनस्ताप झाला, पण आरोपी तो झाला नाही. आयपी म्हणजे कनेक्शन, माणूस नव्हे. आयटी कायद्याचं ६६सी (दुसऱ्याची ओळख वापरणं) किंवा ६६डी (तोतयेगिरी करून फसवणं) लावायचं तर ते तुम्ही केलं हे दाखवावं लागतं, बिल तुमच्या नावावर येतं हे पुरत नाही. या दोन्हीत शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि दोन्ही जामीनपात्र आहेत. सोबत न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, लावलं असेल तर ते अजामीनपात्र, तेव्हा एफआयआरमध्ये काय लावलंय हे बघावं लागेल.

आता नोटीस. ती कुठल्या कलमाखाली आहे, नेमकं तेवढंच तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर तुम्ही साक्षीदार, आणि बाईमाणसाला या कलमाखाली घर सोडून दुसरीकडं बोलवताच येत नाही, पोलिसांनी तुमच्या घरी येऊन विचारायचं. ९४ असेल तर कागद किंवा वस्तू मागितलीय. ३५(३) असेल तर मात्र संशयित म्हणून बोलावलंय, तिथं दिलेल्या तारखेला जावंच लागतं, पण जो जातो आणि सहकार्य करतो त्याला अटक करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. ही ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, तरी म्हणून गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या की प्रत्यक्ष नोटीस आणि एफआयआरची प्रत द्यावी. त्याआधी सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन ती नोटीस खरी आहे का ते विचारा. व्हिडीओ कॉलवर बसा, अमुक पैसे भरा, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवा, डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात नाहीच.

तुम्ही लिहिलंय की रात्री ९.४० ला पोरं मेसवर होती आणि तुम्ही बहिणीकडं मिरजेला, म्हणजे आपण सुटलो. काकू थांबा. या कंपन्या लॉगिनची वेळ बऱ्याचदा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) देतात, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे कागदावर २१.४० असेल तर इथं ती १३ तारखेची पहाटे ३.१० झाली, तेव्हा पोरंही घरात आणि तुम्हीही. असलं उलटं आधीच लिहून दिलं की नंतर तुम्ही खोटं बोललात असं दिसतं. वेळ आयएसटी (आपली भारतीय वेळ) की यूटीसी एवढा एकच प्रश्न आधी लेखी विचारा.

दुसरा प्रश्न पोर्ट नंबरचा. तुमचं नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं आहे, असे लोक एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांना वाटून देतात, त्यामुळं नुसत्या आयपीवरून घर ठरत नाही, सोबत पोर्ट नंबर (एकाच आयपीवरची घरं वेगळी ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. ते न बघता तुमचं नाव काढलं असेल तर पाया तिथंच हलतो. नेट कंपनीला हे रेकॉर्ड दोन वर्षं ठेवायचं बंधन आहे, तेव्हा ते मागवा असं तपास अधिकाऱ्याला पत्र द्या आणि पोच घ्या.

मग राउटर तसाच उघडा ठेवायचा का? नाही हो, उद्या अजून कुणी काही करेल. आधी कुणीतरी जाणता माणूस बसवा, राउटरच्या सेटिंगमधली जोडलेल्या मोबाईलची यादी आणि लॉग (राउटर स्वतः ठेवतो ती नोंद) यांचे फोटो तारीख-वेळेसकट काढा, हे आधी, कारण बऱ्याच घरगुती राउटरचा लॉग लाईट गेली की उडतो. त्यातून फार काही निघेल असं मला वाटत नाही, हल्लीचे मोबाईल वायफायला खोटा मॅक ॲड्रेस (मोबाईलचा ओळख नंबर) दाखवतात, पण आहे ते राहू दे. मग वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा ३ (सेटिंगमधला सुरक्षेचा प्रकार) निवडून पासवर्ड टाका, राउटरचा कंपनीनं दिलेला ॲडमिन पासवर्ड बदला, आणि पोरांना वेगळं गेस्ट नेटवर्क द्या. फॅक्टरी रिसेट मात्र नाही. आणि पोरांकडून नेटचे वेगळे दोनशे घेता ते बंद करून भाड्यातच धरा, घरगुती कनेक्शन पुढं विकायला करारात बहुतेक मनाई असते, उगाच एक फाटा नको.

पोलीस राउटर किंवा मोबाईल घेऊन जायला लागले तर अडवू नका, पण पंचनाम्याची प्रत मागा, जप्तीचं व्हिडीओ शूटिंग आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं सक्तीचं आहे. वस्तू नंतर विजयनगरला आपल्या सांगलीच्या कोर्टात किंवा त्या दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन) मिळते. जबाबात जेवढं स्वतः बघितलं तेवढंच सांगा, तो कोपऱ्यातल्या खोलीतला रात्री जागत असतो असलं काही नको, तुमचा एक अंदाज आणि एखाद्या पोराचं वर्ष वाया. साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत, मागितली तर नाही म्हणा.

आणि पोरांना आत्ता खोली सोडायला लावू नका, तुम्हाला तसं वाटतंय हे पत्रातनं कळतंय. ती गेली की तुमच्याकडं राहतं काय? उलट मागच्या दोन वर्षांत जे जे राहिले त्या सगळ्यांची आधारची झेरॉक्स, गावचा पत्ता, आले-गेले त्या तारखा एका वहीत काढा आणि ती वही मला तारखेच्या आधी दाखवा.