दुसरी पदवी नर्सिंगची : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आधीची पदवी हाती असलेल्यांसाठी अमेरिकेतील विद्यापीठांनी आखलेल्या अ‍ॅक्सिलरेटेड बी.एस.एन. या नर्सिंगच्या जलद पदवी अभ्यासक्रमाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : मी २०१३ साली पुण्यातून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केले, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काही वर्षे नोकरी केली आणि लग्नानंतर न्यू जर्सीत आले. माझा व्हिसा एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा, असून वर्क परमिट मिळाले आहे. मुलगा आता शाळेत जाऊ लागला आहे, त्यामुळे पंधरा महिन्यांचा अ‍ॅक्सिलरेटेड बी.एस.एन. करावा असे मनात आहे. ओळखीच्या दोघी-तिघी म्हणतात की आधी टीज ही प्रवेशपरीक्षा देऊन टाक, बाकीचे नंतर पाहता येईल. माझी तीन वर्षांची पदवी चालेल का? मायक्रोबायोलॉजी मला पुन्हा शिकावे लागेल का? आणि परीक्षेची तयारी कशी करावी? — एक वाचक, एडिसन

उत्तर : आधी परीक्षा आणि नंतर बाकीचे, हा क्रम उलटा करावा असे माझे स्पष्ट मत आहे. काही कॉलेजे टीज मागतात, काही हेसी ए-टू मागतात, काही कोणतीच प्रवेशपरीक्षा घेत नाहीत. शिवाय जुने गुण किती काळ ग्राह्य धरायचे आणि परीक्षा किती वेळा देऊ द्यायची, याचे नियमही प्रत्येक कॉलेजचे वेगळे असतात. म्हणून प्रथम घरापासून ये-जा करता येईल अशा चार-पाच कॉलेजांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या प्रवेशाच्या अटी एका वहीत शेजारी शेजारी लिहून काढाव्यात. रटगर्स आणि सेटन हॉल या तुमच्याच राज्यातील विद्यापीठांकडे दुसऱ्या पदवीचे असे अभ्यासक्रम आहेत, तेथून सुरुवात करता येईल. अभ्यासक्रमाला राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता आणि सी.सी.एन.ई. किंवा ए.सी.ई.एन. यांपैकी एका संस्थेचे अधिस्वीकरण आहे, एवढी खात्री यादीत नाव लिहिण्यापूर्वीच करून घ्यावी.

आता पदवीविषयी. भारतातील गुणपत्रिका ही कॉलेजे सहसा थेट वाचत नाहीत, तर डब्ल्यू.ई.एस. किंवा ई.सी.ई. यांसारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून आणण्यास सांगतात. अर्ज करताना ‘विषयवार’ हाच प्रकार निवडावा. केवळ पदवीची समकक्षता सांगणारा अहवाल स्वस्त असतो, पण त्यात विषयांची क्रेडिट आणि श्रेणी नसते, त्यामुळे प्रवेशासाठी तो निरुपयोगी ठरतो. तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न खरोखरच नाजूक आहे. काही मूल्यांकनांत ती अमेरिकी पदवीच्या समकक्ष ठरते, काहींत ती केवळ तीन वर्षांचे पदवीशिक्षण म्हणून नोंदली जाते, आणि कॉलेजही त्या अहवालाचा अर्थ आपापल्या नियमांनुसार लावते. ज्यांनी पुढे एम.एस्सी. केले आहे त्यांना ही अडचण सहसा येत नाही. तुम्ही पैसे भरण्यापूर्वी यादीतील प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ई-मेल पाठवून दोनच गोष्टी विचाराव्यात : कोणत्या संस्थेचे मूल्यांकन तुम्ही स्वीकारता, आणि भारतातील तीन वर्षांची बी.एस्सी. पदवी तुमच्याकडे पात्र ठरते का? उत्तर लेखीच मिळवावे, कारण फोनवरचे ‘हो’ पुढे कोणी ओळखत नाही.

विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट आणि तुमच्याजवळच्या गुणपत्रिका या वेगळ्या वस्तू आहेत. ट्रान्सक्रिप्टसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि ती विद्यापीठाकडून मूल्यांकन संस्थेकडे परस्पर जावी लागते. या कामाला दिवाळीची सुट्टी किंवा परीक्षांचा हंगाम आडवा आला की आठवडे सहज निघून जातात, तेव्हा कॉलेजांची उत्तरे येताच सर्वांत आधी हात घालायचा तो याच कामाला. आपले साठ-पासष्ट टक्के पाहून अमेरिकेतील मंडळी काय म्हणतील, अशी धास्ती अनेकांना असते. ती अनाठायी आहे, कारण मूल्यांकन करताना भारतातील गुणदानाची पद्धत विचारात घेतली जाते आणि प्रथम वर्गाला चांगली श्रेणी मिळते. बहुतेक अभ्यासक्रम चारपैकी किमान ३.० सरासरी मागतात. मात्र जागांच्या मानाने अर्ज जास्त येतात, तेथे किमान अट पूर्ण करणे म्हणजे केवळ रांगेत उभे राहण्याची परवानगी असते.

मायक्रोबायोलॉजीच्या बाबतीत उत्तर ऐकून तुम्हाला राग येईल, पण बहुधा हो, पुन्हा करावे लागेल. विज्ञानाचे प्रीरिक्विझिट विषय, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करावे लागणारे विषय, गेल्या पाच, सात किंवा फार तर दहा वर्षांत पूर्ण केलेले असावेत अशी अट अनेक कॉलेजे घालतात. २०१३ सालचा अभ्यासक्रम, मग तो तुमच्या पदवीचा मुख्य विषय का असेना, त्या मुदतीबाहेर जातो. लॅबमधील नोकरीचा अनुभव निबंधात आणि मुलाखतीत उपयोगी पडतो, क्रेडिट म्हणून तो धरला जात नाही. ज्या कॉलेजला मुदतीची अट नाही ते सापडले तर उत्तमच. प्रीरिक्विझिट विषयांत सामान्यतः प्रयोगशाळेसह अ‍ॅनाटॉमी व फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, पोषणशास्त्र आणि मानवी विकासाचे मानसशास्त्र हे असतात, आणि त्यांत ‘सी’पेक्षा कमी श्रेणी चालत नाही. काही ठिकाणी तर ‘बी’ लागते. अ‍ॅनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, त्यामुळे कितीही घाई केली तरी दोन सेमिस्टर जातातच. हे विषय तुमच्या गावातील मिडलसेक्स कॉलेजसारख्या कम्युनिटी कॉलेजमध्ये घेणे विद्यापीठापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. तेवढे आधी विचारून घ्यावे की यादीतील कॉलेज ऑनलाइन प्रयोगशाळा मान्य करते की नाही.

म्हणजे ट्रान्सक्रिप्टचे काही महिने, प्रीरिक्विझिटचे वर्षभर आणि मग ते पंधरा महिने, असा हिशेब मांडला तर आजपासून परवान्यापर्यंत अडीच-तीन वर्षे धरून चालावे. जाहिरातीतील पंधरा महिने खोटे नाहीत, ते फक्त मोजायला उशिरा सुरुवात करतात. या हिशेबाकडे पाहून मी अनेकींना सुचवते की कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीचाही विचार करावा. तिचा खर्च बराच कमी असतो आणि शेवटी एनक्लेक्स-आर.एन. ही परवाना परीक्षा दोन्ही पदव्यांनंतर तीच द्यावी लागते. मोठी रुग्णालये बी.एस.एन. झालेल्यांना पसंती देतात हे खरे, पण नोकरी करता करता ती पदवी पुढे ऑनलाइन पूर्ण करता येते. एच-४ व्हिसावर शिक्षण घेण्यास वेगळी परवानगी लागत नाही, परंतु सरकारी शिक्षणकर्ज मिळत नाही. त्यामुळे खर्चाचा मुद्दा तुमच्या बाबतीत दुय्यम नाही. वर्क परमिटमुळे सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला असेल तर तो जपून ठेवावा, कारण परवान्याच्या अर्जात अनेक राज्यांची मंडळे तो मागतात.

आता टीजकडे वळू. सध्या तिची सातवी आवृत्ती सुरू आहे. २०९ मिनिटांत १७० प्रश्न असतात : वाचन ४५ प्रश्न व ५५ मिनिटे, गणित ३८ प्रश्न व ५७ मिनिटे, विज्ञान ५० प्रश्न व ६० मिनिटे, इंग्रजी ३७ प्रश्न व ३७ मिनिटे. यांतील २० प्रश्न केवळ चाचणीसाठी असतात आणि त्यांचे गुण धरले जात नाहीत, पण ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. आपल्याकडे उणे गुणांच्या परीक्षा देऊन मुरलेल्यांना ही सवय मुद्दाम मोडावी लागते.

विज्ञानात सर्वाधिक भार शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्रावर आहे. म्हणूनच अ‍ॅनाटॉमीचा दुसरा भाग संपत आला असताना परीक्षेची तारीख घ्यावी, म्हणजे कॉलेजसाठी केलेला अभ्यास परीक्षेतही कामी येतो. आधी परीक्षा देण्याचा सल्ला मला पटत नाही, त्याचे आणखी एक कारण हेच. मूत्रपिंडातील नेफ्रॉन, हृदयातून रक्त जाण्याचा मार्ग, अंतःस्रावी ग्रंथी आणि त्यांची संप्रेरके हे सारे पुस्तक मिटून कागदावर काढून दाखवता आले पाहिजे. नवीन आवृत्तीत घटना क्रमाने लावणे, चित्रातील नेमकी जागा दाखवणे, एकाहून अधिक बरोबर पर्याय निवडणे असे प्रश्न आले आहेत, आणि नुसत्या वाचनावर विसंबलेला विद्यार्थी तेथे अडतो.

गणित आपल्या दहावीच्या पातळीपलीकडे जात नाही आणि पडद्यावर साधा कॅल्क्युलेटरही मिळतो. चुका होतात त्या मापांमध्ये. पौंड, औंस, इंच आणि फॅरनहाइट आपल्या हाडात मुरलेले नसतात. समजा रुग्णाचे वजन १५४ पौंड आहे आणि औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. १५४ ला २.२ ने भागले की ७० किलो आणि म्हणून मात्रा ३५० मिलिग्रॅम, हे उत्तर मिनिटभरात यायला हवे. पुढे नर्सिंगच्या वर्गात औषधमात्रेच्या गणितांची वेगळी परीक्षा असते आणि तिथे बहुधा नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवावे लागतात, त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

आपल्या मुलींचे गुण जातात ते इंग्रजीच्या विभागात, हे मी वारंवार पाहिले आहे. एका प्रश्नाला एक मिनिट मिळते आणि त्यात स्वल्पविरामाची जागा, कर्ता-क्रियापदाचा मेळ, ‘द’ लावायचा की नाही असे बारकावे विचारले जातात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी या विभागाला अभ्यासातील पहिला तास द्यावा, उरलेला वेळ नव्हे. दर आठवड्याला एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून, मध्ये न उठता सोडवावी. त्यानंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘माहीत नव्हते’, ‘वाचण्यात घाई केली’ किंवा ‘वेळ संपला’ यांपैकी एक कारण लिहावे. पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्या कारणांवरून आपोआप ठरतो.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून टेक्सासमध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो. ग्रीन कार्ड आहे. नर्सिंगकडे वळायचे आहे, पण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम होईल का? माझ्या यादीतील कॉलेजे हेसी ए-टू मागतात. — एक वाचक, डॅलस

उत्तर : पूर्णवेळ नोकरी सांभाळून होणार नाही. बहुतेक कॉलेजेच विद्यार्थ्यांना या काळात नोकरी न करण्याचा सल्ला देतात आणि तो मानावा. चार वर्षांच्या पदवीतील नर्सिंगचा संपूर्ण भाग अकरा ते अठरा महिन्यांत बसवलेला असतो. रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी (क्लिनिकल) पहाटे घर सोडावे लागते, एकेक पाळी बारा तासांची असू शकते आणि ती चुकल्यास भरून काढणे कठीण जाते. मात्र प्रीरिक्विझिट विषय नोकरीसोबत संध्याकाळच्या वर्गांतून करता येतात. तेवढ्या काळात वर्षभराच्या घरखर्चाची तजवीज करून मगच राजीनामा द्यावा. ग्रीन कार्ड असल्याने सरकारी कर्जासाठी अर्ज करता येईल, पण आधीची पदवी असलेल्यांना पेल ग्रँट ही परत न करायची सरकारी मदत मिळत नाही.

हेसी ए-टूमध्ये कोणते विभाग द्यायचे हे कॉलेज ठरवते. एखादे कॉलेज गणित, वाचन, शब्दसंग्रह, व्याकरण आणि अ‍ॅनाटॉमी मागते, तर दुसरे त्यात रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घालते. त्यामुळे बाजारातील जाडजूड मार्गदर्शिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्यात अर्थ नाही, आपल्या कॉलेजचे विभाग पाहून तेवढेच करावे. शब्दसंग्रहाच्या विभागात वैद्यकीय संदर्भातील इंग्रजी शब्द येतात, त्यांची रोज थोडी उजळणी पुरते.

वयाची चिंता करू नये, या वर्गांत तिशी-चाळिशीचे विद्यार्थी सर्रास असतात. पुरुष म्हणून संकोच वाटत असेल तर तोही सोडावा. प्रवेश समिती तुम्हाला एकच प्रश्न विचारेल, की चांगली नोकरी सोडून येथे का? ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य त्यांनी त्या सकाळीच अनेकदा वाचलेले असते. त्याऐवजी आजच एखाद्या रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून जायला लागावे, जमल्यास सी.एन.ए.चे, म्हणजे परिचारिकेच्या सहाय्यकाचे, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घ्यावे, आणि तेथे काय केले, काय पाहिले तेच निबंधात लिहावे. अंथरुणातल्या रुग्णाची चादर बदलण्याचे आणि त्याला स्वच्छ करण्याचे काम आपल्याला झेपते का, याचे उत्तरही राजीनाम्यापूर्वीच मिळेल.

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमध्ये बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. असा जलद अभ्यासक्रम भारतात आहे का? नसल्यास तिला त्यासाठी अमेरिकेला पाठवावे का? — एक पालक

उत्तर : भारतात दुसऱ्या शाखेच्या पदवीधरासाठी असा जलद मार्ग नाही. दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग आहे, पण ती जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका झालेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी. मुलीला येथेच परिचारिका व्हायचे असेल तर बारावीच्या गुणांवर आणि राज्य सीईटी कक्षाच्या नर्सिंग सीईटीतून चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा लागेल. बायोटेक्नॉलॉजीच्या तीन वर्षांची सवलत मिळणार नाही.

अमेरिकेला विद्यार्थी व्हिसावर जाण्याचा विचार मात्र मी फार सावधपणे करायला सांगेन. सर्वच कॉलेजे या अभ्यासक्रमासाठी परदेशातील विद्यार्थ्यांना आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे कॉलेजचे पत्र, देत नाहीत. शुल्क स्वतःच भरायचे असते आणि प्रीरिक्विझिटची वर वर्णन केलेली वाट तिलाही चालावी लागते. खरी अडचण पदवीनंतरची आहे. पदवीनंतर कामाची परवानगी साधारण एक वर्षाची असते आणि अभियांत्रिकीच्या मुलांना मिळणारी वाढीव मुदत नर्सिंगला मिळत नाही. सर्वसाधारण परिचारिकेच्या पदाला किमान पात्रता म्हणून चार वर्षांची पदवी लागत नसल्याने एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळणेही कठीण जाते. परिचारिकांना ग्रीन कार्डासाठी ‘शेड्यूल ए’ची सोय आहे आणि त्यामुळे श्रम खात्याचा एक टप्पा वाचतो, पण भारतात जन्मलेल्यांसाठी त्या वर्गवारीतील प्रतीक्षा अनेक वर्षांची आहे. परदेशातच काम करायचे असे तिने ठरवले असेल, तर येथे बी.एस्सी. नर्सिंग करून, एखाद्या मोठ्या रुग्णालयात दोन वर्षे काढून आणि एनक्लेक्स भारतातूनच देऊन जाणारा रस्ता वेळखाऊ असला तरी कर्जाच्या दृष्टीने कितीतरी सुरक्षित आहे. एनक्लेक्सची केंद्रे भारतातही आहेत.