खरेदी बिलं एआयकडून वाचून घेताना

प्रश्न : आमचं प्लंबिंग सामानाचं घाऊक दुकान आहे. महिन्याला सहाशेच्या आसपास खरेदी बिलं येतात, ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानेच चढवतो. बिलाच्या फोटोवरून एआय नोंद करू शकेल का? आकडा चुकला तर जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकेल, ही धास्ती आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : करू शकेल. मात्र एआयला फक्त वाचू द्या. हिशेब आणि पडताळणी साध्या प्रोग्रॅमकडे ठेवा.

आधी बिलं वेगळी करा. ५ कोटींवर उलाढाल असलेल्या पुरवठादारांना, काही अपवाद सोडता, ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, काढावंच लागतं. त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दोघांचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम असते. ती तिथूनच घ्या, एआयची गरजच नाही. मालाच्या ओळी मात्र कोडमध्ये नसतात. पीडीएफ ईमेलने आली असेल तर तिच्यातला मजकूर थेट काढा. छापून पुन्हा स्कॅन करू नका. उरलेली कागदी बिलं ३०० डीपीआयवर स्कॅन करा.

एआयला रकाने ठरवून द्या आणि बजावून सांगा : तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच वाच, दिसत नसेल तो रकाना रिकामा सोड. नाहीतर ०५/०६ चा ६ मे होतो. थर्मल कागदावरचं पुसट बिल तर फार धोक्याचं. तिथे एआय अडून न बसता शोभेलसा आकडा भरतं, आणि तो चुकीचा आहे हे नजरेला कळत नाही. ‘९५ टक्के खात्री’ असं ते स्वतःच सांगत असलं तरी विसंबू नका.

म्हणून प्रत्येक बिल या चाळणीतून जाऊ द्या. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि शेवटचं अक्षर आधीच्या १४ वरून गणिताने निघतं. ‘ओ’ आणि शून्य, ‘एस’ आणि ५ अशी गफलत तिथेच पकडली जाते. नग गुणिले दर, वजा सूट, अधिक कर हे एकूण रकमेशी रुपयाच्या आत जुळायला हवं. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने सुरू होत असेल तर सीजीएसटी (केंद्राचा कर) आणि एसजीएसटी (राज्याचा कर) समान. गोव्याचा, म्हणजे ३० चा असेल तर आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवरचा कर). तोच पुरवठादार, तोच बिल क्रमांक, तेच आर्थिक वर्ष पुन्हा आलं तर नोंद थांबवा.

खरी डोकेदुखी मालाच्या नावांची. पुरवठादार ‘एल्बो २५ एमएम’ लिहितो, तुमच्याकडे तो ‘१ इंची एल्बो’. कुणी बॉक्सचा दर लावतो, कुणी नगाचा. प्रत्येक पुरवठादाराचं नाव आणि तुमचं नाव यांचा तक्ता बांधा. नवं नाव आलं की एआयने जोडी सुचवावी, पण दुकानातल्या जाणत्या माणसाने मान्य केल्याशिवाय ती तक्त्यात जाऊ नये.

सुरुवातीला मागच्या महिन्याची, आधीच चढवलेली १०० बिलं देऊन रकानावार तुलना करा. पुढेही नोंद टॅलीत ‘ऑप्शनल व्हाउचर’ म्हणूनच जाऊ द्या. मंजूर करेपर्यंत ती खात्यांवर येत नाही. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून बनलेलं तुमच्या क्रेडिटचं पत्रक, आलं की त्याच्याशी ताडून बघा.

प्रश्न : बिलं बाहेरच्या सर्व्हरवर जातात, ते चालेल का?

उत्तर : फुकटच्या चॅट अ‍ॅपमध्ये टाकू नका. तुमचे खरेदीदर त्यात उघडे पडू शकतात. सशुल्क सेवा घ्या. मजकूर किती दिवस ठेवतात आणि प्रशिक्षणासाठी वापरतात का, हे करारात वाचूनच.