जंगलातला हीरो रात्री झोपतो कुठे?

प्रश्न: दादा, आमचा पोरगा टीव्हीवरचा ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ हा जंगलात जगून दाखवायचा कार्यक्रम पाहून परवा अंबाझरीच्या झाडीत गारगोट्या घासत बसला होता, ते सगळं खरं असते का हो?
– एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर: ताई, सगळंच खोटं नाही, पण सेटिंग बरंच असते. २००७ मध्ये यावरून चांगलीच बोंबाबोंब झाली होती, त्यातला हीरो बेअर ग्रिल्स काही रात्री चक्क हॉटेलात झोपला होता, अन् ते ‘जंगली’ घोडे माणसाळलेले, मुद्दाम आणलेले निघाले! तराफा तर टीमनं आधी बांधून, परत सुटा करून ठेवला होता म्हणे. मग चॅनलनं ‘काही प्रसंग मुद्दाम घडवलेले असतात’ अशी सूचना दाखवणं सुरू केलं. पोराला एवढंच विचारा, हीरो कड्यावरून उतरतो तेव्हा खालून शूटिंग करणारा कॅमेरावाला आधीच खाली कसा पोचला? अन् गारगोट्या काढून घ्या, उन्हाळ्यात तिथलं गवत लई वाळलेलं असते.