किल्ल्यात पूर्वी बाग होती हे उत्खननात कसं कळतं? झाडं तर कधीच मेलेली असतात ना?

कळतं की. मला तर कॉलेजात शिकायच्या आधी आमच्या रानातच कळलं होतं.

आमचं गाव जालन्याकडचं. 2012-13 च्या दुष्काळात अण्णांची मोसंबी वाळली, टँकर घालून घालून जगवायला बघितलं पण शेवटी तोडलीच, बुडं जेसीबीनं उपटली, नांगरून कापूस लावला. पुढं दोन पावसाळ्यांनी मी बांधावर उभा होतो तर कापसात मधीच एखादं झाड काळंभोर, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, आणि तशी झाडं बरोब्बर 18-18 फुटांवर. अण्णा म्हणाले, अरे ते मोसंबीचे खड्डे, मुरूम फोडून तीन फूट खोल घेतले होते, शेणखत आन् तळ्याचा गाळ भरलाय त्यात, तो कुठं जातोय.

उत्खननात हेच शोधतात. नंतर विद्यार्थी म्हणून एका साईटवर महिनाभर होतो. खुरपीनं पृष्ठभाग हळूहळू खरवडायचा, वर पाण्याचा हलका फवारा मारायचा, की पिवळ्या मुरमात तपकिरी गोल डाग उठून दिसतो, बोट लावलं तर तिथली माती मऊ लागते. मग तो गोल निम्माच खोदायचा म्हणजे खड्ड्याची उभी बाजू समोर दिसते. असे डाग सारख्या अंतरावर, रांगेत निघाले तर लावलेली झाडं, वेडेवाकडे निघाले तर आपोआप उगवलेली किंवा घुशींची बिळं. खड्ड्यातली माती पाण्यात ढवळली की जळकं बी वर तरंगतं, परागकण मात्र लॅबमध्येच बघावे लागतात, त्यावरून झाड कोणतं होतं याचा अंदाज येतो.

टप्प्याटप्प्याची बाग असेल तर अजून मजा. उतारावर दगडाची ताल रचून मागं भर टाकलेली असते आणि त्या भरीत खापरं, नाणी काहीबाही पडलेलं असतं. त्यातलं सगळ्यात अलीकडचं नाणं ज्या काळातलं, त्याच्या आधीचा तो टप्पा असूच शकत नाही. इतका साधा हिशोब आहे हा, पण मला अजून भारी वाटतो.

आणि पाणी! बाग शोधायची तर पाणी कुठून आलं ते आधी बघा. आपल्या देवगिरीलाच खापराच्या नळांनी पाणी आणलेलं होतं, हत्ती हौद तर जवळपास 38 मीटर लांब-रुंद. नळ सापडला की त्याचा उतार मोजायचा, तो जिकडं उतरतो तिकडं हौद नाहीतर कारंजं असणार असं धरून पुढं खोदायचं. श्रीलंकेत सिगिरियाला देवगिरीसारखाच एकटा कातळ आहे, पाचव्या शतकातला काश्यप राजाचा किल्ला, पायथ्याला पाण्याच्या बागा आणि वर टप्प्यांच्या, तिथली काही कारंजी पावसाळ्यात अजून उडतात. आग्र्याला यमुनेपलीकडच्या अवशेषांना लोक काळ्या ताजमहालाचा पाया म्हणायचे, 1990 च्या दशकात खोदलं तर पुराच्या गाळाखालून 25 कारंज्यांचा अष्टकोनी हौद निघाला. ती मेहताब बाग.

एक कळकळीनं सांगतो, आमच्याकडं किल्ल्यांवर रात्री गुप्तधनासाठी खड्डे मारतात. मी असा एक खड्डा बघितलाय, टप्प्याची ताल फोडून सगळे थर कालवून टाकलेले, धन काही निघालं नाही आणि त्या टप्प्याचं वय आता कुणालाच काढता येणार नाही. संरक्षित किल्ल्यात विनापरवाना खोदणं गुन्हा आहेच, पण मला दुःख त्या मातीचं झालं. तुमच्या गावच्या गढीवर असं कुणी करताना दिसलं तर लगेच पोलीस पाटलाला सांगा, आणि नुसतं बघायचंच असेल तर पाऊस उघडल्यावर आठ दिवसांनी जा, गवत कुठं जास्त हिरवं राहिलंय ते उंचावरून दिसतं, फोटो काढून ठेवा.