वाचकांचे प्रश्न: फोर्डचा जुना फ्रंट अ‍ॅक्सल ड्रॉप करताना

प्रश्न: नमस्कार दादा, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. 1931 ची फोर्ड मॉडेल ए कूपे घेतलीय, ती जुन्या पद्धतीची हॉट रॉड (बदल करून खाली बसवलेली, वेगवान केलेली जुनी गाडी) करायचीय, 1940 च्या दशकात तिकडची पोरं करायची तशी. पुढून खाली बसवायचीय. पुढच्या दोन चाकांमधला आडवा दांडा, म्हणजे ओरिजिनल अ‍ॅक्सल चांगला आहे. ओळखीचा वेल्डर म्हणतो दोन्ही टोकं कापून चार इंच वर वेल्ड करून देतो, संध्याकाळपर्यंत काम होईल. करू का?

उत्तर: नको, अजिबात नको. ब्रेक दाबला, खड्डा आला, वळण घेतलं, सगळा मार त्या टोकांवरच येतो आणि तिथेच वेल्डिंगचा जोड म्हणजे स्वतःच्याच नाही तर समोरच्याच्याही जिवाशी खेळ. काम घाईचं नाहीये हे आधी डोक्यात घ्या.

तुमचा अ‍ॅक्सल घडवलेल्या पोलादाचा आहे, ओतीव नाही. मॉडेल टी च्या काळात फोर्ड कंपनी आपल्या व्हॅनेडियम स्टीलची जाहिरात करताना थंडपणीच पीळ घातलेले अ‍ॅक्सल दाखवायची, इतका चिवट माल. तुटायच्या आधी वाकतो, आणि याच गुणामुळे तो ड्रॉप करता येतो, म्हणजे टोकं वर घेऊन गाडी खाली बसवता येते. टोकाजवळचा भाग तापवून लालभडक करायचा आणि जिगमध्ये (पक्क्या साच्यात) धरून किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, टोक वर घ्यायचं, पण नुसतं वाकवलं तर दोन किंगपिनमधलं अंतर कमी होतं, चाकं आत येतात, म्हणून धातू ताणावा पण लागतो. कणीक ताणली की मधे पातळ होते तसंच इथेही होतं, म्हणून हाव करायची नाही. सॅन दिएगोचा एड स्ट्युअर्ट याच कामासाठी त्या काळी नावाजलेला होता, पोरं आपापले अ‍ॅक्सल काढून त्याच्याकडे घेऊन जायची. माझं मत विचाराल तर अडीच-तीन इंच भरपूर झालं, अजून खाली हवी असेल तर पुढच्या आडव्या स्प्रिंगच्या पाट्याचे डोळे, म्हणजे टोकांची वळलेली कडी, उलटे करून घ्या, त्यात साधारण इंचभर मिळतो. अ‍ॅक्सल ड्रॉप करण्यातली खरी मजाच ही की फ्रेम खाली येते पण पाट्याची खाली-वर हलायची जागा तेवढीच राहते, नुसते पाटे काढून खाली केलेली गाडी खड्ड्यात ठकठक आपटते.

तापवल्यावर पाणी मारायचं नाही, वाऱ्यावर आपोआप गार होऊ द्यायचं, पाणी मारलं की तो कडक आणि ठिसूळ होतो. गार झाला की वरची काळी खपली घासून काढा आणि मॅग्नेटिक टेस्ट करून घ्याच. अ‍ॅक्सलमध्ये चुंबकत्व आणतात, त्यावर लोखंडाची बारीक पूड टाकतात, जिथे चीर असेल तिथे पूड गोळा होऊन केसासारखी रेघ उमटते. वाकलेला भाग आतून-बाहेरून नीट बघा. रेघ दिसली तर तो अ‍ॅक्सल भिंतीवर लावा, गाडीखाली नको. मग किंगपिनच्या भोकात सरळ रॉड घालून दोन्ही बाजूंचा कल मोजा, आधी होता तेवढाच आणि दोन्हीकडे सारखा यायला हवा.

नवीन ड्रॉप अ‍ॅक्सलही मिळतात, काही फोर्ज केलेले (घडवलेले), काही ओतीव, विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. पण ओरिजिनल चांगला असेल आणि जाणता माणूस मिळाला तर मी ओरिजिनलच ड्रॉप करून घेईन.

प्रश्न: ड्रॉप केलेला अ‍ॅक्सल बसवला तर टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं एकत्र वळवणारा दांडा) विशबोनला (पुढच्या दांड्याला मागून आधार देणारा V आकाराचा दांडा) घासतोय, आणि स्पीड धरला की स्टीअरिंग थरथरतं. अ‍ॅक्सल खराब निघाला का?

उत्तर: अ‍ॅक्सलला दोष देऊ नका, काम अर्धंच झालंय. अ‍ॅक्सल ड्रॉप केला की स्पिंडल (चाक ज्यावर बसतं ते खुंट) वर जातात, त्यांच्याबरोबर स्टीअरिंग आर्म वर, आर्मबरोबर टाय रॉड, आणि तो जाऊन विशबोनला भिडतो. दोन्ही आर्मसुद्धा तापवून खाली घ्यावे लागतात. वरून बघितलं तर टाय रॉडचं टोक जिथे होतं तिथेच राहिलं पाहिजे, आत-बाहेर सरकलं तर वळणावर चाकं एकमेकांशी भांडतात आणि टायर खातात. काही जण आर्म तसेच ठेवून विशबोनलाच खाच पाडतात, ते मला मुळीच पटत नाही.

थरथरीसाठी आधी किंगपिन आणि बुश (किंगपिनभोवतीची नळी) तपासा. चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा, खेळ जाणवला तर बाकी सगळं नंतर. मग कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) पाच ते सात अंशात आहे का बघा, गाडी पुढून झुकली की तो थोडा कमी होतो हे बरेच जण विसरतात. टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत) साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. विशबोन मधून कापून दोन बाजूंना फ्रेमला लावला असेल तर आय-बीम (I आकाराच्या छेदाचा) अ‍ॅक्सल थोडा पीळ खातो म्हणून चालून जातं, पण 1937 पासून छोट्या व्ही-8 इंजिनाच्या फोर्डला जो पाइपचा अ‍ॅक्सल आला तो पीळ खात नाही, त्याच्याबरोबर हे करू नका.

प्रश्न: पुण्यात आजोबांची 1930 ची फोर्ड आहे, ओरिजिनल. तिला असं करता येईल का?

उत्तर: हात जोडून सांगतो, तिला हात लावू नका. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर करायची तर ती मूळ स्वरूपात लागते, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं) वेगळंच. मुंढव्याच्या भारत फोर्जसारख्या कारखान्यांमुळे पुण्यात अ‍ॅक्सल बीम फोर्ज करणारे, मॅग्नेटिक टेस्ट जाणणारे लोक आहेत, त्यांच्यापैकी कुणाकडून तुमचा आहे तोच अ‍ॅक्सल चीर गेलीय का तेवढं तपासून घ्या, किंगपिन-बुश बदला आणि गाडी आहे तशी चालवा.